न मळलेला टॉवेल

काल दुपारी फिलिप माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. फिलिप म्हणजे आमच्या दवाखान्यातला भट्टीवाला. रोग्यांच्या चादरी ज्या हंड्यात उकळतात, त्याखाली कोळसा घालणारा. मी त्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे सांभाळते. माझ्याकडे एक पत्र्याचा डबा असतो, धुण्याच्या सोड्याचा. फिलिपने डब्याकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "थोडासा सोडा देता का जी, बाई? पायाला लावायचा आहे. गुरुवारी माझे पाय धुणार आहेत पाळकसाहेब."

मी विचारलं, ते धुणार आहेत ना, मग तू कशाला धुतोस?

तर म्हणाला, रविवारी पंचांनी सांगितलं आहे. बारा जणांनी पाय घासूनपुसून, स्वच्छ करून यायचं.

बाहेर नागपूरचं चैत्रातलं ऊन रस्त्यावर नुसतं पांढरं झालेलं. संत्र्यांची शेवटची गाडी दारावरून गेली, तिचा आंबटगोड वास आत आला. आणि मला मात्र त्या वासातून तंबाखूचा वास आला. इथे मैलोगणती तंबाखूचं पान नाही. पण लहानपणीच्या निपाणीच्या वखारीतला तो उग्र दर्प माझ्या नाकात असा झोंबला, की डोळ्यांत पाणी आलं. रागाचंही असेल. सोडा मी दिला नाही. कातडी जळेल, म्हटलं. फिलिप खाली मान घालून गेला. त्याला वाटलं असेल, दवाखान्याचा माल म्हणून बाई देत नाही.

पुनरुत्थानाच्या सणाआधीचा दुःखसहनाचा आठवडा दर वर्षी येतो, आणि दर वर्षी गुरुवारी योहानाच्या शुभवर्तमानातला तो तेरावा अध्याय वाचला जातो. प्रभू जेवणावरून उठतो, अंगरखा उतरवून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. किती वर्षं ऐकते आहे मी हे. लोक मान हलवून ऐकतात. डोळे पुसतात. मग घरी जाऊन जेवतात. माझा राग लोकांच्या जेवण्यावर नाही. मला राग येतो तो त्या मान हलवण्याचा.

आमची ख्रिस्ती मंडळी निपाणीत लहान होती. लिंपलेल्या भिंतींचं देऊळ, दारात चिंच, आत सतरंज्या आणि भिंतीकडेला दोन बाकं. गोरे पाद्रीसाहेब बेळगावला कॅम्पात राहायचे, महिन्यातून एकदा मोटारीने यायचे. एरवी सगळं दावीद मास्तरांच्या हातात. ते मिशनच्या शाळेत शिकवत आणि मंडळीचे पंचही होते. त्यांनीच मला अक्षर शिकवलं. चौथीत माझी शाळा सुटली तेव्हा ते स्वतः आमच्या घरी आले होते, पोरीला आणखी दोन वर्षं राहू द्या म्हणून सांगायला. हे मी विसरलेली नाही. त्यांच्याच हाताखाली गिरवलेल्या अक्षरात आज मी त्यांच्याविरुद्ध लिहिते आहे, आणि लिहिताना भीती वाटते. पण दुसरं अक्षर मला येत नाही.

शाळा सुटली ती वखारीत जायला. माघ-फाल्गुनात तंबाखूचा हंगाम भरात असे. बायका आणि पोरी तंबाखू चाळत. नाकातोंडाला पदर बांधून बसायचं, तरी संध्याकाळी थुंकी तपकिरी यायची. आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, बोद तुडवत. बोद म्हणजे गोणपाटाचा माणसाएवढा उंच थैला. त्यात तंबाखू ओतायचा, वर पाणी शिंपडायचं, आणि माणसाने आत उतरून तो पायांनी दाबत दाबत चढत यायचं. सकाळी आप्पा बोदाच्या तळाशी दिसेनासे व्हायचे, मग हळूहळू त्यांचं डोकं वर यायचं, मग खांदे, मग सगळे आप्पा. खाली मुकादम कानडीत "बेग, बेग" म्हणून घाई करायचा. नवा गडी पहिल्या दिवशी ओकतोच. तंबाखू तोंडातूनच चढतो असं नाही, पायातूनही चढतो. आप्पांना त्याचं काही राहिलं नव्हतं. फक्त पाय घोट्यापर्यंत काताच्या रंगाचे झाले होते, आणि टाचांच्या भेगा त्याहून काळ्या.

देवळात आप्पा कायम मागे, खिडकीपाशी बसत. ते आत आले की पुढे कुणीतरी शिंकायचं. मास्तरीणबाई नाकाला पदर लावत. वाईट हेतूने नव्हे. शिंक येणारा माणूस काय करणार? पण मास्तरांचे आजोबा आणि आप्पांचे आजोबा एकाच वेशीबाहेरचे, एकाच पाद्र्याच्या हातून एकाच ओढ्यात बाप्तिस्मा घेतलेले. दोन पिढ्यांत एकाच्या घरात बूट आले आणि दुसऱ्याच्या पायाला तंबाखू लागला, एवढाच फरक. त्या फरकाला नाक मुरडायला शिकायला मात्र फार वेळ लागला नाही.

पाय धुण्याची रीत पाद्रीसाहेबांनीच आमच्याकडे सुरू केली होती. गुरुवारी वाचन झालं की बारा पुरुष बाकांवर बसत आणि साहेब गुडघे टेकून त्यांचे पाय धूत. बारा कोण, ते मास्तर ठरवत. शाळेतले दोघे, दवाखान्यातला कंपाउंडर, टपालातला शिपाई, असे. वर्षानुवर्षं तेच. त्या वर्षी टपालातला शिपाई तापाने पडला आणि एक जागा रिकामी झाली. मास्तर वखारीच्या दाराशी येऊन आप्पांना म्हणाले, याकोबा, गुरुवारी तू बैस. मात्र पाय नीट घासून ये. साहेबांसमोर बसायचं आहे.

आप्पा त्या संध्याकाळी घरी आले ते दाराबाहेरच बसले. आत येईनात. आईला वाटलं काहीतरी झालं. मग म्हणाले, "सारू, मला बसवत्यात गं बारात." जन्मापासून मंडळीत होते माझे वडील. तोवर त्यांना कुणी काही वाचायला, धरायला, उचलायला सांगितलं नव्हतं. सतरंज्या झाडायला मात्र सांगत.

बुधवारी दिवस मावळायच्या आत आईने घासायला घेतलं. आधी चिंच. मग राख. मग लिंबाची साल, मग वजरी, मग भाजक्या कौलाचा तुकडा. आप्पा दगडावर पाय ठेवून बसलेले, आणि मी उंबऱ्यावर बसून उद्याचा अध्याय वाचून दाखवत होते, कारण आप्पांना वाचता येत नव्हतं आणि उद्या आपल्यासमोर काय वाचणार ते त्यांना आधी ऐकायचं होतं. पेत्राच्या जागी मी आले. प्रभो, तू माझे पाय धुणार काय, असं तो विचारतो, तिथं. आप्पांनी हात वर केला.

"रिबी, पेत्र पाय घासून आलता काय गं?"

मी पुन्हा वरून वाचलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं. म्हटलं, न्हाय आप्पा.

"मग आपुन का घासतोय?"

"मास्तरांनी सांगिटलंय म्हणून," आई म्हणाली. "पेत्राला मास्तर न्हवतं. गप बसा, पाय हलवू नगासा."

आम्ही तिघंही हसलो. त्या हसण्यातच कौलाचा तुकडा जोरात बसला आणि टाचेच्या भेगेतून रक्त आलं. आईने हळद दाबली. रंग काही निघाला नाही. वरचा थर निघाला, पण कात आत मुरलेला होता. वीस हंगामांचा होता तो.

आज इतक्या लांबून मला आप्पांच्या त्या प्रश्नाचा अर्थ कळतो. यरुशलेमच्या रस्त्यांवर धूळ काय कमी होती? ते बाराही जण चालत आलेले, वहाणा उंबऱ्यात टाकून बसलेले. कुणाच्या नखात चिखल, कुणाच्या पायाला मासळीचा वास. प्रभूने आधी कुणाच्या तळव्यांकडे वाकून बघितलं, असं कुठल्याही शुभवर्तमानात नाही. यहुदाचेही पाय धुतले त्याने. तो त्याच पायांनी थोड्या वेळाने कुठे जाणार हे ठाऊक असून धुतले. आणि आमची तऱ्हा अशी, की देवाच्या हाताला धुवायला काही शिल्लकच ठेवायचं नाही. सगळं आधी घरी उरकायचं आणि मग त्याच्यापुढे पाय करायचे, बघ, किती स्वच्छ. मग तो वाकतो कशाला बिचारा?

गुरुवारी चिंचेखाली मास्तर उभे होते. शाळेत सोमवारी पोरांची नखं बघायची त्यांची सवय. त्याच सवयीने त्यांनी बाराजणांना बूट-वहाणा काढायला लावल्या आणि एकेकाचा तळवा बघितला. आप्पांनी पाय उचलून दाखवला. हळदीची पट्टी होती टाचेवर. मास्तरांनी वाकून पुन्हा बघितलं.

"घासलंय मास्तर. निघत न्हाय."

"कळतंय मला," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस याकोबा. साहेबांचा टॉवेल पांढरा आहे. पुढच्या वर्षी बघू."

तो खांद्यावरचा हात मला अजून सोसत नाही. शिवी दिली असती तर आईने परत दिली असती. तिच्यापाशी साठा होता. पण मायेने कुणी हाकललं तर त्याला उत्तर काय द्यायचं? आप्पा मान हलवून आत गेले आणि खिडकीपाशी आपल्या जागी बसले. त्यांच्या जागी मास्तरांचा भाचा बसला. तो कॅम्पातून सुट्टीला आलेला, कारकून. त्याने पायमोजे काढले तेव्हा साबणाचा वास आमच्यापर्यंत आला.

साहेबांनी वाचलं, प्रार्थना केली, गुडघे टेकले. प्रत्येकाच्या पायावर तांब्याने थोडं पाणी, टॉवेलचा एक स्पर्श, पुढचा. खाली इनॅमलचं मोठं घमेलं होतं, तळाशी निळं गुलाबाचं फूल रंगवलेलं. बारावा माणूस झाला तरी पाणी इतकं नितळ होतं की ते फूल पाकळीपाकळीनं दिसत होतं. त्या पाण्यात उद्या डाळ शिजवली असती तरी चाललं असतं.

देवळाची कापडं धुवायला आमच्याकडे येत. ते काम आईकडे होतं. त्या संध्याकाळी मेजावरचं कापड आणि तो टॉवेल आला. दुसऱ्या दिवशी, प्रभूच्या मरणाच्या शुक्रवारी, धुणं करायचं नसतं. शनिवारी आईने टॉवेल उलगडला, ऊन पडेल असा धरला, नाकाला लावला. मग पुन्हा घडी घातली आणि फळीवर ठेवून दिला. मेजावरचं कापड तेवढं धुतलं. आईच्या तोंडाकडे बघून विचारायची छाती झाली नाही.

रविवारी पहाटेची उपासना झाली, पुनरुत्थानाच्या दिवसाचे नमस्कार झाले, सगळे चिंचेखाली साहेबांच्या भोवती उभे होते. आई गर्दीतून पुढे गेली आणि टॉवेल साहेबांच्या हातात दिला. घडी तीच, गुरुवारची. मास्तरांच्या ते लक्षात आलं. ते म्हणाले, सारूआक्का, हा धुतलेला दिसत नाही.

"मळलाच न्हाय, तर धुवू काय, मास्तर?"

एवढंच. आवाज चढवला नव्हता तिने. साहेबांना मराठी सावकाश कळायची. आधी त्यांनी टॉवेलकडे बघितलं, मग आईकडे, मग कंपाउंडरला विचारलं, आणि कंपाउंडरने खाली बघत खरं ते सांगून टाकलं. साहेबांची मान कानापर्यंत लाल झाली. त्यांनी तिथल्या तिथे घमेलं मागवलं. याकोब, तू बैस, मी आत्ता धुतो, म्हणाले.

आप्पा पुढे आले, पण बसले नाहीत.

"नगं साहेब. आज धुतलं तर समदी मलाच बघत बसतील. फुडल्या साली माणसाचं पाय बघून माणूस निवडू नगासा, येवढंच करा."

मला तेव्हा आप्पांचा राग आला होता. बसायचं होतं की. सगळ्यांदेखत, मास्तरांच्या नाकासमोर. आज वाटतं, आप्पांना मान नको होता, त्यांना जागा हवी होती. आपल्यानंतर आणखी कुणाला बसता येईल अशी जागा. त्यांची ती एकच मागणी होती आयुष्यातली, आणि बघा ती किती थोडी होती.

पुढच्या वर्षी साहेबांनी शब्द पाळला. तपासणी नाही, असं त्यांनी पत्र लिहून कळवलं. गुरुवारी वखारीला सुट्टी नसते. आप्पा बोदातून निघून थेट देवळात आले, घोट्यांवर धूळ तशीच. मास्तरांनी त्यांना बाकाच्या शेवटी बसवलं. का, ते सगळ्यांना समजलं. त्यांच्या पायांचं पाणी मागून कुणाला लागायला नको. बाकीचे अकरा जण नेहमीसारखे घासूनच आलेले. सवय कुठे सुटते?

साहेब आप्पांपाशी आले. इतरांसारखं थेंबभर पाणी नाही घातलं त्यांनी. दोन्ही हातांनी पाय धरला, बोटांच्या बेचक्यातून बोट फिरवलं, टाच चोळली. आणि त्यांना शिंक आली. मग दुसरी. मग अशा शिंका सुरू झाल्या की थांबेनात. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, हात आप्पांच्या पायात गुंतलेले, पुसणार कशाने? आणि आप्पा हसले. माझे आप्पा, जे देवळात खोकलासुद्धा दाबून धरत, ते मोठ्याने हसले.

"लागली व्हय साहेब वखार? लागती पयल्यांदा. आमाला बी लागलीती."

साहेबही हसायला लागले, शिंकता शिंकता. त्यांनी टॉवेलने आप्पांचे पाय पुसले आणि त्याच टॉवेलने आपलं नाक पुसलं. घमेल्यातलं पाणी काढ्यासारखं झालं होतं. तळाचं फूल दिसत नव्हतं.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. उपदेशात असली गोष्ट इथंच थांबवतात. पण मी उपदेश करायला बसलेली नाही. त्यानंतरच्या आठवड्यात मास्तरांनी नवं घमेलं आणि नवा टॉवेल आणवला. जुना टॉवेल आता देवळाच्या कामाचा राहिला नाही, म्हणाले. वर्षभरात साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांना वेळ कमी असे. पाय धुण्याची रीतच बंद झाली. अध्याय मात्र वाचला जाई, दर वर्षी, मान हलवून. आप्पा खिडकीपाशी बसून ऐकत. मी त्यांच्या पलीकडे बसे आणि माझ्या मनात नुसते कढ येत. वाचता कशाला मग? फाडून टाका ते पान. नाहीतर वाचा आणि वाका.

तो टाकून दिलेला टॉवेल आईने मागून घेतला. ओढ्यावर तिने तो धुतला, दगडावर आपटला, पण तपकिरी डाग राहिलाच. आईने मुद्दाम तो रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर वाळत घातला. मिशनच्या नर्सबाई मला आपल्याबरोबर नागपूरला काम शिकायला घेऊन निघाल्या, तेव्हा आईने तोच टॉवेल माझ्या पेटीत तळाशी घातला. त्या नर्सबाईंनी मला पोटापाण्याला लावलं, इथल्या पाळकबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नीने, देवळामागची खोली दिली. या दोन बायकांचे उपकार मी प्रार्थनेत रोज म्हणते. आप्पा गेले, आई गेली. माझं इथं दुसरं कुणी नाही. म्हणून तर भीती वाटते. उपकार करणाऱ्याला खरं सांगायचं म्हणजे छपराच्या वाशाला हात घालायचा.

आज सकाळी पाळकबाई दारात आल्या. लढाई संपली तरी कापड अजून रेशनवर. गुरुवारसाठी नवा टॉवेल कुठे मिळेना. रिबकाबाई, तुझ्याकडे एखादा बरा आहे का, म्हणाल्या. दवाखान्याचे शुभ्र टॉवेल माझ्यामागे फळीवर रचलेले होते. मी पेटी उघडली आणि तळाचा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी घडी उलगडली.

"अगं, हा मळका आहे."

"मळका नाही, बाई. वापरलेला आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मी त्यांना सांगितलं, सगळं, आप्पांचे पाय आणि चिंचेखालचा तो खांद्यावरचा हात, आणि काल सोडा मागायला आलेला फिलिप. सांगताना माझा आवाज चढला होता. पाळकबाईंनी पुन्हा घडी घातली. टॉवेल घेऊन गेल्या. खोली राहते की जाते, मला माहीत नाही.

गुरुवार परवा आहे. सोड्याच्या डब्याला मी कुलूप घातलं आहे, आणि फिलिपला निरोप पाठवला आहे की भट्टीवरून थेट देवळात ये.